खारपाणपट्ट्यातील फरशी आणि आमचे मिस्त्री

गेल्या चार वर्षांत आमच्या घरातील फरशी दोनदा बसवावी लागली. पहिल्यांदा बसवलेली अडीच वर्षांत उखडली; दुसऱ्यांदा बसवलेली एक पावसाळा पाहून जागच्या जागी आहे. घर तेच, खोल्या त्याच, टाइलही जवळपास त्याच प्रतीची. मग फरक कशाने पडला, हे गावातील निदान दहा जणांनी मला विचारले आहे, आणि दर वेळी अंगणात उभ्या उभ्या सांगताना काही ना काही सुटून जाते. म्हणून सविस्तर लिहीत आहे. लहान ठेकेदाराला किंवा एखाद्या मिस्त्रीला घरचे काम देण्याच्या विचारात जे असतील, त्यांतही ज्यांचे घर काळ्या मातीवर उभे आहे, त्यांच्या हे उपयोगी पडावे.

आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे आणि वरची माती काळी, चिकण व खोल असते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतातल्या भेगा आम्हाला लहानपणापासून ठाऊक असतात. परंतु घराच्या आत, फरशीखाली झाकलेली मातीही तीच असते, हे बांधकामाच्या वेळी कुणाच्या ध्यानात राहत नाही. जोत्याच्या भरणीसाठी मुरूम सातपुड्याच्या पायथ्याकडून आणावा लागतो, त्याला भाडे पडते, आणि पाया खोदताना निघालेली काळी माती तर समोरच ढिगाने पडलेली असते. ती जोत्यात ढकलली की भरणीचा खर्च वाचतो. मामंजींनी १९८८ साली हे घर बांधले तेव्हा नेमके असेच झाले होते. त्या भरणीवर शहाबादी फरशी होती. शहाबादीचे दगड जाड आणि सांधे रुंद. जमीन थोडी वरखाली झाली तर एखादा दगड तिरपा होई, पावसाळा सरल्यावर सांध्यांतून पांढरा लोणा फुटे, सासूबाई तो झाडून काढीत, आणि तेवढ्यावर भागे. गुळगुळीत, सांध्याला सांधा भिडवून बसवलेल्या टाइलला एवढी मोकळीक नसते.

२०२१ च्या दिवाळीनंतर सोयाबीन विकले गेले आणि धाकट्या दिरांचे लग्न ठरले, तेव्हा फरशीचे काम काढले. तालुक्याच्या ठिकाणच्या एका ठेकेदाराने १४ रुपये चौरस फुटाचा भाव सांगितला, जो इतरांपेक्षा कमी होता. जुनी फरशी काढण्याची गरज नाही, तिच्यावरच टाइल बसवू, मलबा उचलण्याचा खर्चही वाचेल, असे त्याने सांगितले आणि आम्हाला ते पटले. पाच दिवसांत बैठक, स्वयंपाकघर आणि मधली खोली पूर्ण झाली. कागदावर काहीही लिहिलेले नव्हते. किती पैसे दिले याची नोंद तेवढी यजमानांच्या डायरीत होती. फरशी पाहायला पाहुणे आले, आम्हीही आनंदात होतो. फक्त मागच्या दाराची फळी खाली घासू लागली म्हणून सुताराकडून कापून घ्यावी लागली आणि न्हाणीचा उंबरठा नव्या फरशीपेक्षा खाली राहिला. या दोन गोष्टी तेव्हा मला किरकोळ वाटल्या.

२०२४ च्या मे महिन्यात, नवतपाच्या म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी बैठकीत पाटी फुटावी तसा आवाज झाला. जाऊन पाहिले तर खोलीच्या मधोमध दोन टाइल एकमेकींना टेकून छपरासारख्या उभ्या राहिल्या होत्या. सायंकाळपर्यंत त्या ओळीतल्या आणखी चार सुटल्या. उचलून पाहिले तर टाइलची पाठ स्वच्छ होती. सिमेंटचा माल खालीच राहिला होता आणि टाइलला फक्त चार कोपऱ्यांत व मध्ये थोडा चिकटल्याच्या खुणा होत्या. ठेकेदाराला फोन केले. पहिल्या दोन वेळा त्याने येतो म्हणून सांगितले, नंतर फोन उचलणे बंद केले. माझ्याजवळ कागद नव्हता, त्यामुळे बोलायलाही काही उरले नव्हते.

आता मागे वळून पाहताना कारणे स्पष्ट दिसतात. आपण ज्याला व्हिट्रिफाइड टाइल म्हणतो ती पाणी जवळजवळ शोषतच नाही. तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी ती घेते. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल पाण्यात भिजवून सिमेंटवर लावली की धरते, कारण तिच्या पाठीत बारीक छिद्रे असतात. व्हिट्रिफाइडला अशी पकड मिळत नाही. तिच्या पूर्ण पाठीला माल लागलेला असला पाहिजे, किंवा तिच्यासाठीच केलेला चिकट मसाला वापरला पाहिजे. दुसरे असे की उष्णतेने टाइल किंचित वाढते. प्रत्येक सांध्यात दोन-तीन मिलिमीटरची जागा आणि भिंतीलगत बोटाच्या पेरापेक्षा थोडी कमी फट ठेवली, तर ही वाढ तिथे सामावते. ती फट स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावलेल्या टाइलच्या पट्टीखाली झाकली जाते, दिसतही नाही. आमच्याकडे सांधे मिटवून, भिंतीपर्यंत घट्ट भिडवून टाइल बसवलेली होती. आणि या सगळ्याच्या खाली शहाबादी, शहाबादीखाली दर पावसाळ्यात फुगणारी आणि दर उन्हाळ्यात आकसणारी काळी माती. भाव ठरवताना यांतल्या एकाही गोष्टीचा उल्लेख झाला नव्हता, ना त्याच्याकडून, ना आमच्याकडून.

दुसऱ्यांदा काम देताना मी घाई केली नाही. आधी वेळ ठरवली. आमच्या भागात घरातील जमिनीचे काम देवदिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत करावे, असे माझे मत झाले आहे. तोवर पावसाचा ओलावा बराच निवळलेला असतो, माती पुरती फुगलेलीही नसते आणि भेगाळलेलीही नसते, आणि ऊन कोवळे असल्याने कोब्यावर मारलेले पाणी तासाभरात उडून जात नाही. महाशिवरात्रीनंतर लग्नसराईची गडबड सुरू होते आणि प्रत्येकाला मांडव पडण्याआधी फरशी हवी असते. पुढे रोहिणी लागल्या की ज्या मिस्त्रींची थोडीफार शेती आहे ते वाहीपेरणीकडे वळतात. थंडीच्या दिवसांत अडचण एकच, ती मजुरांची. कापूस वेचणीला किलोमागे मजुरी मिळते, त्यामुळे मिस्त्रीच्या हाताखाली यायला बाया-माणसे सहज तयार होत नाहीत. शिवाय गावोगाव घरकुलांची कामे चालू असतात आणि चांगले मिस्त्री त्यांत गुंतलेले असतात. म्हणून काम काढायचे असेल त्याच्या दोन महिने आधी मिस्त्रीला शब्द द्यावा आणि त्याचा शब्द घ्यावा.

माणूस निवडताना मी एक पद्धत ठेवली. ज्याचे नाव कुणी सुचवले, त्याला मी नुकत्याच झालेल्या कामाचा पत्ता न विचारता तीन वर्षांपूर्वीच्या कामाचा विचारला. नवी फरशी सगळ्यांचीच चांगली दिसते. तीन पावसाळे आणि तीन उन्हाळे पाहिलेल्या घरात मी जात असे, घरच्या बाईशी बोलत असे आणि परवानगी घेऊन रुपयाच्या नाण्याने टाइलवर हलकेच वाजवत असे. खाली माल भरलेला असेल तर आवाज बद्द आणि भरीव येतो. पोकळ असेल तर मडक्यासारखा येतो. कोपरे आणि दाराजवळची जागा आवर्जून वाजवावी, कारण कापलेले तुकडे तिथे बसवलेले असतात आणि हात तिथेच आखडतो. घरच्या बाईला विचारण्याचे प्रश्नही ठरलेले होते: न्हाणीत पाणी साचते का, ओट्याखालच्या सांध्यात काळे होते का, मिस्त्री बोलावल्यावर परत आला होता का. घरधनी बहुतेक वेळा भाव सांगतात, फरशी कशी आहे हे मात्र ती रोज पुसणारीच सांगू शकते. अशी पाच घरे पाहिली. दोन घरांत एकाच मिस्त्रीचे काम होते आणि दोन्हीकडे त्याच्याविषयी जवळपास एकसारखे सांगितले गेले: हळू काम करतो, पण करतो.

हे मिस्त्री शेजारच्या गावचे. वय चाळिशीच्या आत. सहा वर्षे पुण्यात इमारतींच्या कामावर होते, २०२० च्या टाळेबंदीत गावी परतले आणि इथेच राहिले. सोबत त्यांचा भाचा आणि एक मदतनीस, एवढीच त्यांची माणसे. पहिल्या भेटीत मी भाव विचारला तेव्हा ते म्हणाले, "भाव सांगतो जी मॅडम, पन पयले जमीन पाहू द्या. फरशी तं वरून दिसते, बसते थे जमिनीवर." मग त्यांनी उखडलेल्या जागेतील एक शहाबादी दगड पहारीने उचलला, खाली हातभर खोल खोदले आणि काळ्या मातीचा गोळा करून माझ्या हातात दिला. त्यानंतर आमच्या हातपंपाचे पाणी चूळ भरून थुंकले. "हे पानी सिमेटले चालत नाही. नळाचं भरून ठेवा." खाऱ्या पाण्याने कालवलेल्या मालातील मीठ ओलाव्याबरोबर वर येते, पाणी उडून जाते आणि मीठ सांध्यांत पांढऱ्या भुकटीसारखे उरते, कोब्यात कुठे लोखंड असेल तर तेही गंजते. आम्ही शहानूर धरणाचे नळाचे पाणी येईल त्या दिवशी दोन ड्रम आणि सिमेंटची टाकी भरून ठेवू लागलो. प्यायच्या पाण्याची ओढाताण असलेल्या घरात बांधकामाला गोडे पाणी द्यायचे हे सासूबाईंना जड गेले, आणि त्यांचे वाटणे योग्यच होते. म्हणून पाणी मोजून वापरायचे, भांडी आणि थाप्या मात्र हातपंपाच्या पाण्याने धुवायच्या, असे ठरले.

तिसऱ्या भेटीत ठराव झाला. वहीच्या दोन पानांवर मी लिहिले, त्यांनी वाचले, दोघांनी सही केली आणि एक प्रत त्यांना दिली. मिस्त्रींना आधी थोडे अवघडल्यासारखे झाले. आपल्यावर विश्वास नाही की काय, असे त्यांना वाटले असावे. मी त्यांना सांगितले की मी शाळेत शिकवते, माझ्याकडे साध्या सहलीचाही कागद असतो, आणि या कागदात माझ्याकडून येणे असलेले पैसेही लिहिलेले आहेत. तेव्हा ते निर्धास्त झाले.

त्या कागदात काय होते ते सांगते, कारण लोक नेमके तेच विचारतात. टाइल बसवण्याची मजुरी २२ रुपये चौरस फूट. स्कर्टिंग वेगळे, रनिंग फुटाने, म्हणजे नुसत्या लांबीवर. मोजणी काम झाल्यावर दोघांनी मिळून करायची, आणि बसलेल्या फरशीची करायची, आणलेल्या पेट्यांची नाही. जुनी टाइल व शहाबादी काढणे, माती काढणे आणि भरणी करणे हे चौरस फुटात धरायचे नाही. त्याची रोजाने वेगळी मजुरी. माझ्या मते ही एकच ओळ त्या सगळ्या कागदात मोलाची होती. चौरस फुटाच्या भावात सगळे काही कोंबले की मिस्त्रीला खालच्या कामात वेळ घालवणे परवडत नाही, मग तो कितीही प्रामाणिक असो. जे झाकले जाणार आहे त्याचे पैसे वेगळे आणि उघड द्यावेत. म्हणजे ते काम उभे राहून पाहण्याचा हक्कही आपल्याला मिळतो आणि ते घाईने उरकण्याचे त्याला कारण उरत नाही. याशिवाय फुटलेली टाइल कुणाच्या खात्यात, रेती कोण चाळणार, चहा आमच्याकडे आणि जेवण त्यांचे त्यांच्याकडे, कटरसाठी वीज आमची, मलबा टाकायची जागा कोणती, अशा लहानसहान गोष्टीही लिहिल्या. कामे बिघडतात ती पुष्कळदा अशाच न बोललेल्या गोष्टींवरून.

टाइल आणायला आम्ही सोबत गेलो. आपल्या भागात येणारी बहुतेक टाइल गुजरातमधील मोरबीहून येते, आणि पेटीवर आकार, शेड आणि बॅच क्रमांक छापलेला असतो. बैठक १२ बाय १५, स्वयंपाकघर १० बाय १२, मधली खोली १० बाय १०, असे मिळून आमचे ४०० चौरस फूट होते. दोन बाय दोनच्या चार टाइलची पेटी १६ चौरस फुटांची, म्हणून पंचवीस पेट्या पुरतील, असा दुकानदाराचा हिशेब होता. मिस्त्रींनी खिशातून टेप काढून टाइल मोजून दाखवली. दोन बाय दोन म्हणून विकली जाणारी टाइल ६०० मिलिमीटरची असते, म्हणजे चोवीस इंचांना थोडी कमी. त्यामुळे पेटी प्रत्यक्षात साडेपंधरा फूटच भरते. नुसती जमीन झाकायला सव्वीस पेट्या लागणार होत्या, आणि कापाकापीची व पुढच्या दुरुस्तीची धरून आम्ही अठ्ठावीस घेतल्या, सर्व एकाच बॅचच्या. पंचवीसच आणल्या असत्या तर उरलेली एक पेटी महिन्याभराने दुसऱ्या बॅचची मिळाली असती आणि बैठकीच्या मधोमध तिचा रंग वेगळा उठून दिसला असता. न्हाणीसाठी आणि मागच्या पडवीसाठी खरखरीत पृष्ठाची एक बाय एकची टाइल घेतली. सासूबाईंचे गुडघे दुखतात. ओल्या पायाने त्या चकचकीत फरशीवरून चालताना मला तीन वर्षे धास्ती वाटत होती.

काम मार्गशीर्षात सुरू झाले. एका वेळी एकच खोली घ्यायची, म्हणजे घर राहते राहील आणि भिंतींचा पाया सगळीकडून एकदम उघडा पडणार नाही, असा मिस्त्रींचा आग्रह होता. शहाबादी दगड अखंड काढून गोठ्यात नेले. तिथे ते आज बैलांच्या पायाखाली उत्तम बसले आहेत. मग दीड फूट काळी माती काढली. भिंतीलगत सरळ न खोदता उतार ठेवला, जेणेकरून पायाचा आधार सुटू नये. ती माती परसात टाकली. पाच ट्रॉल्या मुरूम आला. तो दोन थरांत पसरला, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने ठोकला आणि दोन दिवस तसाच बसू दिला. त्यावर चार इंच दगडांचे सोलिंग, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, आणि कागदावर तीन इंचांचा गिट्टीचा कोबा. दगडांच्या थरात मोठ्या पोकळ्या राहतात, त्यामुळे मातीतील ओलावा वातीसारखा वर चढत नाही. जो काही चढेल तो कागदाशी अडतो. लोणा अडवायचा तो इथेच. एकदा टाइलवर दिसू लागला की मग पुसत राहण्याखेरीज काही करता येत नाही.

खाली एवढे करायला सोळा दिवस गेले. शेजारीपाजारी विचारू लागले की फरशी कधी बसणार. यजमानांनीही एकदा खर्चाचा हिशेब माझ्यापुढे ठेवला, कारण मुरूम, सोलिंग, कोबा आणि रोजाची मजुरी मिळून टाइलच्या किमतीच्या दुपटीजवळ रक्कम गेली होती आणि डोळ्यांना दिसण्यासारखे काहीच झाले नव्हते. त्यांची काळजी मला समजत होती. पण २०२१ मध्ये वाचवलेले पैसे नेमके हेच होते, आणि तेव्हाची फरशी, मजुरी, सिमेंट सगळे वाया गेले होते, हे त्या डायरीतूनच त्यांना दाखवता आले.

कोब्यावर सात दिवस पाणी मारले. नंतर मिस्त्रींनी पाण्याच्या पारदर्शक नळीने लेव्हल काढली आणि चारही भिंतींवर निळीच्या दोरीने रेषा मारली. पुण्याला सगळीकडे लेझर होता, असे भाचा सांगत होता. पण नळीतले पाणी कधी खोटे बोलत नाही, असा मामांचा विश्वास आहे. टाइल बसवायला त्यांनी चिकटवण्याचा तयार मसाला वापरला, ज्याला आमच्याकडे सगळे 'केमिकल' म्हणतात. पिशवी घेताना तिच्यावर आयएस १५४७७ हा मानक क्रमांक छापलेला पाहून घ्यावा. दातेरी थापीने तो कोब्यावर ओढायचा, टाइलच्या पाठीलाही पातळ हात फिरवायचा, टाइल ठेवून रबरी हातोडीने ठोकायची. पहिल्या दिवशी तिसरी टाइल बसवल्यावर मिस्त्रींनी ती मुद्दाम उचलून मला तिची पाठ दाखवली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मसाला लागलेला होता. २०२४ च्या मे महिन्यात मी जी कोरी पाठ पाहिली होती, तिच्यानंतर ही भरलेली पाठ पाहून मला किती बरे वाटले, ते सांगता येत नाही.

न्हाणीकडे त्यांनी पूर्ण एक दिवस दिला. खोलीपेक्षा न्हाणीची जमीन इंचभर खाली आणि नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीकडे, पाच फुटांना एक इंच उतार, हे प्रमाण त्यांनी ठेवले. सांधे भरण्याआधी बादलीभर पाणी ओतून आम्ही सगळे पाहत उभे राहिलो. एका कोपऱ्यात तळहाताएवढे पाणी राहिले. तिथल्या दोन टाइल त्यांनी न सांगता लगेच काढल्या आणि पुन्हा बसवल्या. सांधे भरण्यापूर्वीच ही परीक्षा घ्यावी. नंतर मिस्त्रीलाही तोडवत नाही आणि आपल्यालाही सांगवत नाही.

एका गोष्टीवरून मात्र मी त्यांच्याशी थोडी भांडले. भाचा ग्राइंडरने कोरडीच टाइल कापत असे, आणि पांढऱ्या धुळीचा लोट त्याच्या नाकातोंडात जाई. या धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, जो पुढे बरा होत नाही. पोरगा एकोणीस वर्षांचा आहे. मी झाकणाला भोक पाडलेली पाण्याची बाटली दिली आणि कापताना एकाने पातीवर पाण्याची धार धरायची, असे ठरवले. वीज आणि पाणी एकत्र येते म्हणून वायर उंच टांगून घेतली आणि पायात रबरी चप्पल घालायला लावली. तोंडाला बांधायला पातळ रुमाल पुरत नाही, म्हणून दर्यापूरहून मास्क आणले. काम सावकाश होते म्हणून मिस्त्री आधी कुरकुरले, पण दुसऱ्या दिवसापासून पाण्याची धार ते स्वतःच धरू लागले. आपल्या घराच्या फरशीसाठी कुणाच्या तरी लेकराची छाती भरू नये, एवढे तर घरमालकाने पाहिलेच पाहिजे.

पैशांबद्दलही लिहिते. मुरुमाचे पैसे मी ट्रॅक्टरवाल्याला आणि सिमेंटचे दुकानात थेट दिले, त्यामुळे मिस्त्रींना उचल मागण्याची वेळ आली नाही. मजुरी दर आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी देत गेले, कारण त्यांना बाजाराच्या दिवशी मदतनिसाला द्यावे लागत असे. पावसाळा होईपर्यंत काही रक्कम अडकवून ठेवावी, असा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. मोठ्या कंत्राटात ते योग्यही असेल. पण ज्याचे घर आठवड्याच्या मजुरीवर चालते, त्याची सहा महिन्यांची मजुरी आपल्या भीतीपोटी दाबून ठेवणे मला मान्य झाले नाही. आम्ही शेवटच्या दिवशी खडूने प्रत्येक खोलीचे माप भिंतीवर लिहून मोजणी केली आणि पूर्ण पैसे दिले. त्यांच्या वहीत कामाचे दिवस लिहून सहीही केली, कारण बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि असे सुटे दिवस कुणी लिहून देत नाही, ही त्यांची तक्रार होती. बदल्यात मी एकच गोष्ट मागितली: पोळ्याच्या सुमारास, जमीन पुरती भिजलेली असताना, एकदा येऊन फरशी वाजवून पाहायची.

ते आले. भाद्रपद लागल्यावर, पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी, फोन न करताच भाच्याला सोबत घेऊन आले. यंदा आमच्याकडे पाऊस चांगला झाला होता आणि परसातली माती पाय घोट्यापर्यंत बुडेल अशी झाली होती. नाणे घेऊन त्यांनी तिन्ही खोल्या ओळीने वाजवल्या, भाच्यालाही वाजवायला लावल्या. मागच्या दारालगतच्या दोन तुकड्यांचा आवाज त्यांना पटला नाही. मला तो इतर टाइलसारखाच वाटत होता. त्यांनी सांधे खरवडून दोन्ही तुकडे काढले. एकाच्या पाठीला खरोखरच तळहाताएवढी जागा कोरी होती. सासूबाईंनी पलंगाखालून ठेवणीतल्या टाइल काढून दिल्या. सहांपैकी दोन कापून तिथे बसल्या, आणि चार पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर बॅच क्रमांक लिहून, पलंगाखाली ठेवल्या आहेत. चहा झाल्यावर मी मजुरी विचारली. भाच्याने मामांकडे पाहिले, आणि मामांनी थापी धुवायला हातपंपाचा रस्ता धरला.